ऊस संपला की पोरं येतात

"म्याडम, लेकरू रडतंय का वो?" जानेवारीतल्या एका संध्याकाळी फोनवर एका आईनं मला विचारलं. तिच्यामागं ट्रॅक्टर घरघरत होता, कुणीतरी कुणाला हाका मारत होतं, आणि तिला ओरडूनच बोलावं लागत होतं. मी म्हणाले, "नाही हो, अजिबात रडत नाही. खेळते, जेवते, वाचायलाही लागलीय." खरंच तसं होतं. त्यावर ती काही बोलली नाही. ट्रॅक्टरचा आवाज तेवढा येत राहिला. मग तिनं सासूच्या गुडघ्याचं विचारलं, शेळी व्याली का ते विचारलं आणि फोन ठेवला. लेक रडत नाही हे ऐकून कुठल्याही आईचा जीव भांड्यात पडावा, असं मला वाटत होतं. पण सात वर्षांची पोर दीड-दोन महिने आईवाचून राहते आणि रडतही नाही, हे त्या बाईला विजापूरकडच्या कुठल्याशा उसाच्या फडात उभं राहून ऐकायचं होतं का? तो प्रश्न तेव्हापासून माझ्या मागं लागला आहे. नोकरीचं पहिलं वर्ष संपलं, दुसरं सुरू झालं, मुलं वरच्या वर्गात गेली, तरी तो सुटलेला नाही.

मी शिक्षण सेवक म्हणून रुजू झाले ती बीड जिल्ह्यात, पाटोदा-शिरूरच्या डोंगरपट्ट्यातल्या एका वाडीवर. दोन खोल्या, दोन शिक्षक, पहिली ते चौथी. पहिली-दुसरी माझ्याकडं, तिसरी-चौथी सरांकडं. माझं गाव सांगली जिल्ह्यातलं, कृष्णाकाठचं. २०१७ च्या डिसेंबरातल्या शिक्षक अभियोग्यता चाचणीनंतर पुढची चाचणी व्हायला २०२३ उजाडलं. डी.एड. झाल्यानंतरची ती सगळी वर्षं मी अभ्यासिकेत बसून, शिकवण्या घेऊन आणि 'यंदा भरती निघणार' हे ऐकत काढली. शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलवर पसंतीक्रम भरताना जिल्हा कुठला मिळेल याचा विचार करण्याच्या स्थितीत आमच्यातलं कुणीच नव्हतं. २०२४ च्या मार्चमध्ये आदेश हातात पडला. जिल्ह्याचं नाव ऐकून आई गप्प झाली. आण्णा मात्र लगेच म्हणाले, "म्हंजे आपल्या टोळीवाल्यांच्या मुलखात चाललीस की गं."

आमच्या घरात बीड हे नाव एवढंच माहीत होतं. दिवाळीनंतर ऊसतोडीला येणारी आणि शिमग्याच्या आसपास जाणारी माणसं.

लहानपणी आमच्या रानाच्या कडेला त्यांच्या खोपी पडायच्या. पाचटाच्या, वर काळा कागद, दाराला गोणपाट. पहाटे आम्ही अंथरुणात असतानाच फडाकडं निघालेल्या बैलगाड्यांच्या घुंगरांचा आवाज यायचा आणि खिडकीच्या फटीतून चुलींचा धूर. आई त्या बायकांना ताक द्यायची, त्या आमच्या म्हशींना वाडं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, द्यायच्या. मी तिसरीत असताना गुरुजींनी त्यांच्यातल्या एका मुलीला आमच्या वर्गात आणलं आणि माझ्या शेजारी बसवलं. तिच्या हातांवर उसाच्या पात्यांनी ओढलेल्या बारीक रेघा होत्या. पुस्तक नव्हतं, म्हणून माझं पुस्तक आम्ही दोघींच्या मध्ये ठेवायचो. कवितेच्या तासाला गुरुजींनी तिला उभं केलं. तिला अख्खी कविता पाठ होती, पण चाल वेगळीच. आमची चाल टाळ्यांची, उड्या मारत जाणारी, आणि तिची लांबवत नेलेली, जात्यावरच्या ओवीसारखी. वर्ग हसला. गुरुजी हसले नाहीत. "आता सगळ्यांनी हिच्या चालीवर म्हणायची," म्हणाले, आणि त्या दिवशी आम्ही सगळ्यांनी ती कविता तिच्या मागून म्हटली. पुढं एका सकाळी शाळेत जाताना खोपींच्या जागी नुसते काळे डाग दिसले, तीन-तीन दगडांच्या चुली आणि एक फाटकी चप्पल. ती मुलगी कुठं गेली हे मी कुणाला विचारलं नाही. ऊस संपला की ते जातात, आमच्या गावाला त्यापलीकडं काही ठाऊक असायची गरज नव्हती.

इथं आल्यावर कळलं की या डोंगरात हेच उलटं म्हणतात. ऊस संपला की पोरं येतात.

जून ते ऑक्टोबर हे महिने मी कधी विसरणार नाही. शाळा उघडली तेव्हा मिरगाचा पाऊस पडून गेला होता, मैदानात चिखल होता आणि वर्गात ओल्या दप्तरांचा, खोबरेल तेलाचा आणि शिजत्या खिचडीचा मिळून एक वास. पहिलीच्या मुलांना अक्षरं मी त्यांच्याच शब्दांतून दिली. घर, बैल, शेळी, आजी, डोंगर. 'क'ला कमळ इथल्या कुणी पाहिलेलं नाही, कोयता मात्र प्रत्येक घराच्या आढ्याला खोचलेला. एका मुलानं पाटीवर 'कोयता' लिहून आणला तेव्हा मी तो तसाच फळ्यावर उतरवून घेतला. एका खोलीत दोन वर्ग सांभाळायचे म्हणजे दुसरीला गणितं घालून पहिलीकडं वळायचं, पहिलीला चित्र काढायला बसवून पुन्हा दुसरीकडं. पहिल्या महिन्यात संध्याकाळी माझा आवाज बसलेला असायचा. ऑगस्ट सरता सरता दुसरीतली मुलं स्वतःहून पहिलीच्या मुलांचं बोट धरून अक्षर गिरवून घ्यायला लागली. ते मी शिकवलेलं नव्हतं. घरी धाकट्यांना सांभाळून सांभाळून त्यांच्या अंगात ते मुरलेलं होतं. ऑक्टोबरात बालाघाटची सीताफळं पिकली आणि माझ्या टेबलावर सकाळी डोळे उघडलेली, कुणी दिली हे न सांगता ठेवलेली फळं दिसायला लागली. वर्गभर काळ्या बिया सापडायच्या. त्या बिया घेऊन आम्ही शंभरापर्यंत दहाचे गट केले.

मुलं वाचायला लागत होती. एखादं मूल अक्षर अक्षर जोडत असतं, आणि एका दुपारी त्याच्या तोंडून अचानक सबंध शब्द निघतो, मग ते स्वतःच दचकून वर बघतं. ती नजर बघण्यासाठी १६,००० रुपयांच्या मानधनावर परक्या जिल्ह्यात खोली करून राहावं, असं मला तेव्हाही वाटत होतं आणि आजही वाटतं.

आणि नेमक्या त्याच सुमाराला सर म्हणाले, "आता घरोघर फिरायला लागंल."

सरांची या भागात वीस-बावीस वर्षं गेली आहेत. संध्याकाळी आम्ही एकेका घरी जायचो. अंगणात बाजेवर बसवायचे, चहा यायचा, आणि सर एकच गोष्ट वेगवेगळ्या शब्दांत मांडायचे: लेकराला ठेवून जा. आजी आहे, चुलती आहे, शाळेत हंगामी वसतिगृह सुरू होईल, दोन्ही वेळचं जेवण मिळेल, लेकराचं वर्ष वाया जाणार नाही. काही जण ऐकायचे. काहींच्या घरी मागं राहणारं माणूसच नव्हतं. काहींना दहा वर्षांची मुलगी मागं ठेवायची भीती वाटायची आणि ती भीती मला पोटातून कळायची. एका बापानं विचारलं, "उचल घेतलीय जोडीची. धाकटं पोरगं कुणी सांभाळायचं फडात, हिला ठेवलं तर?" नवरा-बायको मिळून एक कोयता. त्या कोयत्यावर टोळीच्या मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल हंगामभर तोडून फेडायची. त्या हिशेबात आठ वर्षांची मुलगी कुठं लिहिलेली नसते, पण तिच्याशिवाय तो हिशेब जुळतही नाही. सरांनी त्या बापाला काही सुनावलं नाही. चहा संपवून आम्ही उठलो.

२०२४ साल जरा वेगळं होतं. गाळप हंगाम १५ नोव्हेंबरपासून आणि विधानसभेचं मतदान २० नोव्हेंबरला. आमच्या वाडीवरचे बरेच जण मतदान करूनच निघाले, त्यामुळं दिवाळीच्या सुट्टीनंतर थोडे दिवस वर्ग भरलेला मिळाला. मी ते दिवस अक्षरशः वसूल केले, खेळाचा तासही वाचनाला घेतला. माझी निवडणुकीची ड्युटी दुसऱ्या गावी होती. परत आले तेव्हा शाळेच्या भिंतीवर मतदान केंद्राचा कागद तसाच चिकटलेला होता आणि समोरच्या रस्त्यावर ट्रॅक्टर उभे होते. ट्रॉलीत पत्र्याच्या पेट्या, बाजरीची पोती, बांबू, घागरी, पाय बांधलेल्या कोंबड्या, एक शेळी, आणि या सगळ्याच्या वर बसलेली माझी मुलं. बोटाला शाई लावलेले आईबाप खाली उभे. मुलं मला बघून हात हलवत होती. त्यांना आनंद झालेला होता, हे मला सांगायलाच हवं. ट्रॉलीच्या टोकावर बसून लांब जायचं म्हणून ती खूष होती, आणि मी खाली उभी राहून रडू आवरत होते.

त्या गडबडीत ती आई माझ्याकडं आली. तिची मोठी लेक दुसरीत, मागं राहणार होती. धाकटा पाच वर्षांचा, तो कडेवर. तिनं पदराखालून खोबरेल तेलाची निळी बाटली आणि एक लाकडी फणी काढली. "म्हतारीचे हात कापत्यात. तेवढी येणी घालजा तिची, म्याडम." मी दोन्ही वस्तू घेतल्या. लेक शेजारीच उभी होती, आईकडं न बघता ट्रॅक्टरच्या चाकाकडं बघत.

माझ्या दोन वर्गांचा पट १९. त्यानंतर समोर बसायला लागली ७ मुलं.

रिकामा वर्ग ऐकू येतो. तोवर मी हे कधी अनुभवलं नव्हतं. खडूचा आवाज, पत्र्यावरच्या चिमण्या, शेजारच्या खोलीत सर पाढे म्हणून घेताहेत ते. स्वयंपाकाच्या ताई सकाळी विचारायच्या, "किती?" आणि मी आकडा सांगितला की त्या डोईमागं शंभर ग्रॅमच्या हिशेबानं तांदूळ मोजायच्या. मोठं पातेलं धुऊन पालथं घातलं, ते मार्चपर्यंत पालथंच राहिलं. हजेरीपटावर मी रोज बारा नावांपुढं गैरहजेरी मांडायची. ती मुलं गैरहजर आहेत असं मात्र मला कधी वाटलं नाही. ती कुठल्या तरी शाळेपासून एक-दोन किलोमीटरवर, रानात होती. मला माहीत होतं, कारण त्या रानाच्या दुसऱ्या बाजूला मी वाढलेली आहे.

संध्याकाळी तालुक्याच्या गावी आमच्या खोलीवर हीच बोलणी. आम्ही तिघी नव्या शिक्षिका मिळून ती खोली घेतली होती. एक रत्नागिरीकडची, एक भंडाऱ्याची. रत्नागिरीच्या मुलीची शाळा बंजारा तांड्यावर. तिथली मुलं घरी गोरमाटी बोलतात, आणि ती रात्री भाकरी थापता थापता गोरमाटीतले आकडे पाठ करायची, कारण सकाळी मुलं तिची परीक्षा घेत. भंडाऱ्याच्या मुलीला उन्हाचं काही वाटायचं नाही, पण डोळ्यांपुढं तळं नाही, भातखाचर नाही, म्हणून ती पहिले काही महिने झोपेत दचकायची. तिघींचे फोन केंद्राच्या गटावरच्या संदेशांनी सारखे वाजत असायचे: हजेरीची माहिती, चाचणीची माहिती, कार्यक्रमाचे फोटो. कितीही दमलो तरी बोलणं शेवटी मुलांवरच यायचं. कुणाच्या वर्गातलं कोण आज काय म्हणालं. कुणाच्या वर्गातून आज कोण गेलं. तांड्यावरूनही टोळ्या गेलेल्याच होत्या. मला त्या दोघी मिळाल्या नसत्या तर तो डिसेंबर कसा गेला असता, कुणास ठाऊक.

हंगामी वसतिगृह म्हटलं की खोल्या, खाटा, गादीचे वळकट असं डोळ्यांपुढं येतं. आमच्याकडं ते म्हणजे शाळेत सकाळ-संध्याकाळचं जेवण, थोडा अभ्यास, आणि रात्री ज्याच्या त्याच्या आजीकडं झोपायला जाणं. ती मुलगी त्यात होती. सोमवारी सकाळी परिपाठाआधी मी तिची वेणी घालायची. केस दाट, कोरडे, मानेपाशी गुंता. ती पाठमोरी बसून राहायची आणि फणी अडकली तरी कधी 'आई गं' म्हणाली नाही. डिसेंबरात तिला वाचता यायला लागलं. सातच मुलं समोर, प्रत्येकाजवळ बसायला भरपूर वेळ, त्यामुळं ती झपाट्यानं पुढं गेली. गोष्टीचं पुस्तक घेऊन व्हरांड्याच्या खांबाला टेकायची आणि बोट न ठेवता वाचायची. अधिकाऱ्यांची भेट झाली तेव्हा तिनं घडाघडा वाचून दाखवलं आणि सगळे खूष झाले. मीही झाले. कागदावर जे काही मोजता येतं त्या सगळ्यात, मागं ठेवलेल्या मुलांमध्ये ती सगळ्यांत पुढं होती. पण जून-जुलैत ही मुलगी मधल्या सुट्टीत सगळ्यांत मोठ्यानं भांडायची. ते भांडण थांबलं होतं. मागितलं ते करायची, दिलं ते खायची.

त्याच दिवसांत तो फोन आला.

त्यानंतर थोड्याच दिवसांत संक्रांतीला मी घरी गेले. भोगीच्या सकाळी तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि भाजी डब्यात घेतली आणि आण्णांना विचारलं, टोळी कुठं उतरलीय. नदीकडच्या रानात होती, धारूरकडची. लहानपणी या खोपींकडं आम्ही बांधावरून बघायचो, आत कधी गेलो नव्हतो. या खेपेला मी वाकून आत गेले. खाली पाचट, त्यावर सतरंजी, कोपऱ्यात पाण्याचा कॅन, दोरीला टांगलेलं फडकं आणि त्यात झोपलेलं बाळ. झोका द्यायला नऊ-दहा वर्षांचा मुलगा. मी शिक्षिका आहे, तुमच्याच जिल्ह्यात, असं सांगितल्यावर त्याच्या आईचा चेहरा उजळला. मग तिनं मला माहेरची माणसं भेटल्यासारखं सगळं विचारलं, पाऊस किती झाला होता, तूर कशी आहे. मुलाच्या दप्तरात शिक्षण हमी पत्रक होतं, जाईल तिथल्या शाळेत बसू द्यावं म्हणून तिकडच्या गुरुजींनी भरून दिलेलं, प्लास्टिकच्या पिशवीत घडी घालून ठेवलेलं. पण ते इथं कुणाला दाखवायचं हे तिला माहीत नव्हतं. "शाळा हाय म्हनं पलीकडं. पन रस्ता वलांडावा लागतोय, ट्रॅक्टरची लाईन असती. एकट्याला कसं धाडावं?"

त्या शाळेत मी शिकले. दुपारी तिथल्या बाईंना भेटले. त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं आणि मोकळेपणानं बोलल्या. मुलं येतात, तीन महिन्यांनी जातात, ऑनलाइन नाव तिकडंच राहतं, इकडचा पट वाढत नाही, गावातल्या पालकांची नाराजी असते, आणि आणायला कोण जाणार? त्यांचं काही खोटं नव्हतं. तरी शेवटी त्या म्हणाल्या, "पाठवून द्या, मी बसवते." आण्णा रोज दहाच्या सुमाराला सोसायटीत पेपर वाचायला जातात. जाताना गाडीवरून त्या खोपींमधल्या तिघांना शाळेवर सोडायचं त्यांनी कबूल केलं. आणण्याची सोय त्या मुलांच्या मोठ्या चुलतभावानं केली. आण्णांनी ते हंगाम संपेपर्यंत केलं, आणि फोनवर मला शाळेचं कधी काही सांगितलं नाही, एवढंच सांगायचे, "तुझी माणसं आज वेळेवर आली होती रस्त्याला."

हे सगळं करायला फार काही लागलं नाही, म्हणून मी जास्तच अस्वस्थ झाले. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात स्पष्ट लिहिलेलं आहे की मुलाला एका शाळेतून दुसरीत जाण्याचा हक्क आहे आणि दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही. काही कारखान्यांवर या मुलांसाठी साखरशाळाही चालल्या. तरी मूल शाळेत टिकवण्याची काळजी ज्या गावातून ते जातं त्या गावाची मानली जाते. सर घरोघर फिरतात, आजी गुडघे धरून सांभाळते, आई फडातून फोन करते, मी वेणी घालते. आणि जिथं ऊस उभा आहे, पाणी आहे, कारखाना आहे, ते गाव त्या मुलाला चार-पाच महिने डोळ्यांसमोर बघतं आणि त्याचं शाळेचं नाव विचारत नाही. तो गाव माझा आहे. माझं शिक्षण, माझ्या डी.एड.ची फी, अभ्यासिकेचं महिन्याचं भाडं, सगळं उसाच्या बिलातून आलेलं आहे. तो ऊस कुणी तोडला हे मला लहानपणापासून माहीत होतं. तोडणाऱ्यांची लेकरं तेव्हा काय करत होती, हे विचारायला मला इथली नोकरी लागावी लागली.

२०२५ मध्ये ऊस कमी होता, कारखाने लवकर बंद पडले. होळीच्या आसपास एकेक ट्रॅक्टर परत यायला लागला. मुलं पहिल्या दिवशी वर्गात शिरली नाहीत, दाराशी उभी राहिली. उंच झालेली, उन्हानं रापलेली, केस पिंगट, कपड्यांना धुराचा आणि मळीचा वास. जी पाटीवर 'कोयता' लिहून गेली होती त्यांची बोटं आता पेन्सिल घट्ट आवळून धरत होती. तेव्हा पुस्तकं चार भागांत असल्यामुळं आम्ही जाताना त्यांना पुढचा भाग बरोबर दिला होता. एकाचा भिजून फुगलेला, एकाच्या कोऱ्या पानांवर आकड्यांच्या रांगा. ते चौथीतल्या मुलाचं पुस्तक होतं. सर त्या दिवशी बैठकीला गेले होते आणि दोन्ही खोल्या माझ्याकडं होत्या. मी विचारलं, हे काय? तो म्हणाला, मोळ्या. रोजच्या मोळ्या लिहून ठेवायचं काम त्याचं. मी विचारलं, टनाला किती मिळत होते? "तीनशे सहासष्ट." २०२४ च्या जानेवारीत वाढून झालेला दर त्याला तोंडपाठ होता. दोन टन झाले तर? त्यानं वर पाहिलं. "साडेतीनशे दुणे सातशे, सोळा दुणे बत्तीस. सातशे बत्तीस." हातच्याच्या उदाहरणाला हाच मुलगा ऑक्टोबरात अडला होता. मी त्याला फळ्यापाशी बोलावलं आणि त्यानं जसं मनात केलं तसंच सगळ्यांना समजावायला सांगितलं. त्या वर्षी परीक्षा २५ एप्रिलपर्यंत लांबलेल्या होत्या. ऊन असह्य होतं, पण आम्हांला ते दिवस देवानं दिल्यासारखे वाटले. पहिला आठवडा मी कुणाला काय येत नाही हे तपासलंच नाही. तिकडून काय आणलंय ते सांगा, म्हणाले. दोघं साताऱ्याकडच्या एका शाळेत बसली होती, त्यांनी तिथली कविता आणली होती. चाल निराळी होती. सगळ्यांनी त्या चालीवर म्हटली.

ती आई परत आली तेव्हा लेक शाळेत होती. व्हरांड्यातून तिनं आईला पाहिलं आणि जागची हलली नाही. आईही फाटकाशी थांबली. मग धाकटा कडेवरून उतरून धावत आला आणि बहिणीच्या अंगावर पडला, तेव्हा ती त्याच्यावर खेकसली, "माझी पाटी फुटली असती ना!" मोठ्यानं, जुलैतल्यासारखं. त्यानंतर कितीतरी दिवस ती आईशी सरळ बोलत नव्हती, सगळं भावाला उद्देशून बोलायची. आणि तेव्हाच तिचं मधल्या सुट्टीतलं भांडणही परत सुरू झालं. सरांकडं तक्रारी यायला लागल्या. मी त्या ऐकून घ्यायची आणि मनातून मला हायसं वाटायचं. वाचनात ती पुढंच होती. ते तिनं कमावलेलं आहे, त्याचं मोल मी कमी लेखणार नाही. त्याची किंमत तिनं काय दिली, ते मोजायला माझ्याकडं कुठलीच चाचणी नाही.

आता दुसऱ्या वर्षाचा ऑगस्ट आहे. मुकादमांनी उचल वाटायला सुरुवात केली आहे. परवा ती आई शाळेत आली, धाकटा आता पहिलीत माझ्याच वर्गात बसतो. "यंदा काय करू, म्याडम?" मी तिला 'ठेवून जा' म्हटलं नाही आणि 'घेऊन जा' असंही म्हटलं नाही. आम्ही दोघी व्हरांड्यात बसून एकेक गोष्ट बोललो. म्हातारीला आता उठबस होत नाही. लेकीला ठेवलं तर धाकटा रडून जीव देईल. विजापूरकडं मराठी शाळा जवळ नाही. पण यंदा नवऱ्याला साताऱ्याकडच्या टोळीचंही विचारलं आहे. उचल थोडी कमी मिळेल. तिकडं गेली तर दोघांनाही शाळेत घालता येईल. लहान मुलांनी आईजवळच राहावं आणि शाळा त्यांच्यापाशी यावी, असं मला एका वर्षानंतर ठामपणे वाटतं. चौथीच्या पुढची, स्वतःला सांभाळू शकणारी मुलं मागं राहिली तर ठीक. सरांचं मत वेगळं आहे. जे लेकरू जातं ते हळूहळू सुटतंच, हे त्यांनी वीस वर्षं पाहिलं आहे, आणि त्यांच्या अनुभवापुढं माझं एक वर्ष फार थोडं आहे. आम्ही यावर बोलतो, भांडतोही, आणि घरोघर फिरायला दोघं मिळूनच जाणार आहोत.

तोवर मी पत्रं लिहायला घेतली आहेत. हमी पत्रकावर नाव, इयत्ता, जन्मतारीख मावते, त्याच्या सोबत जोडायला हे एकेक पान. ज्या कुणा शिक्षकाच्या हाती पडेल त्याच्यासाठी. याला जोडाक्षरं येतात, 'र' अजून अडतो. ही तोंडी हिशेब पक्का करते, लिहायला लावू नका, आधी बोलायला लावा. याला धाकट्या बहिणीला बरोबर घेऊन बसू द्या, नाहीतर तो येणार नाही. पुस्तक पंचविसाव्या पानापर्यंत झालं आहे. हिला वर्गात हसलेलं सहन होत नाही. कविता आम्ही या चालीवर म्हणतो, ती चाल मी आईच्या फोनमध्ये भरून दिली आहे, एकदा ऐकून घ्या आणि तुमची तिला शिकवा. खाली माझा फोन नंबर. सात पत्रं झाली आहेत, पाच लिहायची आहेत, आणि आण्णांना सांगून ठेवलंय की यंदा टोळी आली की खोपी रस्त्याच्या अलीकडं, शाळेच्या बाजूच्या रानात पाडायला लावा.